जमैकन तिळगूळ

सबनीसांच्या घरात सहल ठरवण्याची एक ठरलेली रीत होती. आधी सगळ्यांनी "माझं काय, मला कुठेही चालेल" असं म्हणायचं, आणि मग कोणी एखाद्या जागेचं नाव काढलं की तिच्यात खोड काढायची. या रीतीनं आजवर ते तीनदा स्कॉटलंडला जाऊन आले होते, कारण स्कॉटलंडचं नाव निघेपर्यंत सगळे दमलेले असत.

संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. मधल्या रविवारी सगळे बर्मिंगहॅमला, हार्बर्नच्या घरी जमले होते. निमित्त तिळगुळाचं. पण खरं कारण सुनीतीला ठाऊक होतं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, पद्माकरांनी, आता हे घर विकावं आणि क्रॉयडनला आपल्याजवळ यावं, असं त्यांच्या मुलानं, अंबरीशनं दिवाळीत सुचवलं होतं. त्यावर देविकानं केंब्रिजहून फोन करून भावाला असं काही सुनावलं की तेव्हापासून दोघांत फक्त मेसेजवर बोलणं होतं, तेही बाबांच्या गोळ्यांपुरतं. ईस्टरला सगळ्यांनी मिळून एखाद्या कॅरिबियन बेटावर जावं, समुद्र बघावा, गाणंबजावणं ऐकावं, म्हणजे मनातलं किल्मिष धुऊन निघेल, ही कल्पना अर्चनाची, म्हणजे अंबरीशच्या बायकोची. ती नागपूरची. भांडण तिला सोसायचं नाही आणि थंडी तर त्याहून नाही.

"तिळगूळ घे दादा, गोड बोल," देविकानं वाटी पुढे केली.

"मी गोडच बोलतो. तू ऐकत नाहीस."

"झालं सुरू," पद्माकर म्हणाले. ते टेबलाच्या टोकाला बसून गुळाच्या पोळीवर तूप ओतत होते. मागच्या वर्षी हृदयात स्टेंट बसवून घेतलेल्या माणसानं किती तूप घ्यावं याचा विचार करत सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते, आणि ते स्वतः चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेले असल्यामुळे कोणाला बोलायची सोय नव्हती.

नात ईरा, अंबरीश-अर्चनाची मुलगी, युनिव्हर्सिटीतून आली होती. तिनं सहज सांगितलं की तिच्या फ्लॅटमधली एक मुलगी तिला गुजराती समजते. बस. पद्माकरांना एवढं पुरे होतं.

"मला विचार! मी या देशात आलो तेव्हा आमचा कन्सल्टंट मला तीन वर्षं डॉक्टर पटेल म्हणायचा. तीन वर्षं! मी सांगायचो, सर, सबनीस. तो म्हणायचा, येस, येस, पटेल. म्हणजे आमचं गाव वेगळं, भाषा वेगळी, जेवण वेगळं, आणि यांना सगळे एकाच माळेचे मणी!"

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. अर्चना तर "येस, येस, पटेल" ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबरच म्हणाली.

जेवणं उरकली तसा अंबरीश उठला आणि त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला. तो क्रॉयडनला एका विमा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. घरच्या कार्यालाही स्लाइड्स केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पडद्यावर निळं पाणी आलं, माड आले, पांढरी वाळू आली.

"आता ऐका. यावेळी चर्चा नाही, सरप्राइज आहे," तो म्हणाला. "जमैका! बीचला लागून विला, पाच बेडरूम. इथे म्युझिक टूर आहे, ती देवूसाठी. ईराला समुद्र. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई, युनिस आंटी! तिच्याच देशात जातोय आपण. विला आज संध्याकाळी सहापर्यंत होल्डवर आहे. सगळे हो म्हणा, की मी कन्फर्म करतो."

सगळ्यांनी सुनीतीकडे बघितलं. कौतुकानं बघितलं. अंबरीशच्या चेहऱ्यावर तर लहानपणी शाळेतून चित्र काढून आणल्यावर असायचा तसा भाव होता.

युनिस जमैकाची नव्हती. ती टोबॅगोची होती. जमैका आणि टोबॅगो यांच्यामध्ये अख्खा कॅरिबियन समुद्र पसरलेला आहे, हजार मैलांहून जास्त.

"छान आहे हो," सुनीती म्हणाली.

हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले ते तिलाही कळलं नाही. पन्नास वर्षांची सवय. कुठला सोफा, कुठली शाळा, कुठलं गाव, काहीही विचारलं तरी तिचं उत्तर ठरलेलं. मुलांनी मग हळूहळू विचारणंच सोडून दिलं होतं, आणि त्यात त्यांची तरी काय चूक?

"आपली जमैकन सिस्टर!" पद्माकर खुशीत म्हणाले. "मनानं फार मोठी बाई. आणि तिचे ते तिळाचे लाडू! जमैकन तिळगूळ! अगं सुनीती, यंदाचा डबा आला का?"

"आला," सुनीती म्हणाली आणि चहा टाकते म्हणून उठली.

*

स्वयंपाकघरात तो डबा खिडकीतच होता. दर जानेवारीत यायचा. आत तिळाचे कडक गोळे, तिकडे त्यांना बेने म्हणतात. चावताना दात सांभाळावे लागत.

अंबरीशचा जन्म अशाच एका जानेवारीतला. त्या वर्षी बर्फ असं पडलं होतं की दूधवालाही फिरकला नव्हता. सुनीतीच्या आईला व्हिसा मिळाला नाही. पद्माकर दिवसरात्र ड्यूटीवर. पंचविशीतली, चार वाक्यांपलीकडे इंग्रजी बोलायला बिचकणारी पोर, आणि हातात तीन दिवसांचं बाळ. मॅटर्निटी वॉर्डमधली सिस्टर युनिस दोन घरं सोडून राहायची. ड्यूटी संपली की ती बर्फातून यायची, हीटरपुढे पाय पसरून बसायची आणि बाळाला पायांवर घेऊन खोबरेल तेलानं चोळायची. थेट सुनीतीची आजी चोळायची तशी. संक्रांतीच्या दिवशी ती फडक्यात बांधून हेच गोळे घेऊन आली. तिला संक्रांत ठाऊक नव्हती. बाळंतिणीला तीळ चांगले असतात, एवढंच तिला तिच्या आजीनं शिकवलं होतं. सुनीतीनं एक गोळा तोंडात टाकला आणि ती अशी रडली की बाळ दचकून उठलं.

सुनीतीचं बाळंतपण युनिसनं केलं. देविकाच्या वेळीही तिनंच केलं. रिटायर झाल्यावर ती आपल्या बेटावर परत गेली, तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून आल्यावर फोन. दर फोनच्या शेवटी "कधी येतेस?" आणि सुनीतीचं उत्तर "पुढच्या वर्षी नक्की." आता युनिस चौऱ्याऐंशीची होती. नाताळात ती अंगणात पडली होती, तेव्हापासून काठी घेऊन चालायची. आणि गेल्या रविवारी पहिल्यांदाच तिनं "कधी येतेस" असं विचारलं नाही. म्हणाली, "नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस हं, पोरी."

ते वाक्य आठवडाभर सुनीतीच्या मनात सलत होतं. तिला युनिसला भेटायचं होतं. या ईस्टरला, दोघी आपापल्या पायांवर उभ्या असताना. आणि बाहेर तिचा मुलगा मोठ्या प्रेमानं तिला हजार मैल पलीकडे न्यायला निघाला होता.

"आजी, तू कुठे जायचं आहे?" ईरा मागे येऊन उभी होती. तिचं मराठी असंच होतं, वळणं चुकायची पण मुक्कामाला बरोबर पोचायचं.

"मला काय गं, काहीही चालेल."

"काहीही इज नॉट अॅन आन्सर, आजी. मी विचारली, तू कुठे जायचं आहे? तुझा चेहरा बाहेर असा झाला." ईरानं चेहरा पाडून दाखवला.

अर्चना कप घ्यायला आत आली होती. तीही थांबली. "आई, काय झालं? जमैका आवडलं नाही का?"

सुनीतीनं गॅस बारीक केला. "युनिस जमैकाची नाही," ती म्हणाली. "टोबॅगोची आहे."

अर्चनानं कप ओट्यावर ठेवला. "मग सांगा ना त्याला!"

"एवढ्या हौसेनं केलंय गं त्यानं. कसं सांगू?"

"आई, मीसुद्धा लग्न झाल्यापासून 'चालेल' म्हणतेय," अर्चना हळूच म्हणाली. "तुमच्याकडे बघूनच शिकले. आता तुम्हीच ते म्हणायचं थांबवलंत तर मलाही थांबवता येईल."

इतक्या वर्षांत आपण हिलाही कधी विचारलं नाही, हे सुनीतीच्या आत्ता लक्षात आलं. तिनं पदर खोचला आणि चहाचा ट्रे तसाच ठेवून ती बाहेर गेली.

*

बाहेर एव्हाना तट पडले होते. देविका आणि अंबरीश दिवाळीनंतर पहिल्यांदाच एका बाजूला होते, आणि दुसऱ्या बाजूला एकटे पद्माकर.

"माझं काय, मला कुठेही चालेल," पद्माकर म्हणत होते. "पण ईस्टरला माझं सहस्रचंद्रदर्शन आहे. मंडळाला सांगून झालंय, हॉल ठरलाय, गुरुजींना कळवलंय. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळणार आहेत मला. तुम्ही जा, मी इथे एकटा ओवाळून घेतो."

"बाबा, तो कार्यक्रम मे महिन्यात करू," देविका म्हणाली.

"मेमध्ये मी असेन याची गॅरंटी कोण देतंय?"

"तूप कमी घेतलंत तर मी देते."

"अंबरीश," सुनीती मध्येच म्हणाली, "ते कन्फर्म करू नकोस."

इतकं साधं वाक्य, पण सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. आई मध्ये बोलली होती.

"युनिस टोबॅगोला राहते. ती जमैकाची नाही, कधीच नव्हती. जमैकाला गेलो तर समुद्र दिसेल, पण ती भेटायची नाही."

अंबरीशचं तोंड उघडंच राहिलं. "पण आई, आपण तर कायम... जमैकन सिस्टर... बाबा?"

सगळे पद्माकरांकडे वळले. पद्माकरांनी चष्मा काढून पुसला. "मग तिनं कधी सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं होतं. याच टेबलावर बसून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, 'एकच ते.'"

"मी असं म्हटलं?"

"येस, येस, पटेल," सुनीती म्हणाली.

ईराला हसू आवरेना. देविकानं तोंडावर हात धरला. पद्माकर मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. तीन वर्षांचा अपमान त्यांनी आयुष्यभर उगाळला होता, आणि आपण एका बाईला पन्नास वर्षं तेच केलं हे त्यांना आत्ता, मुलांसमोर आणि नातीसमोर कळत होतं. सुनीतीला त्यांची दया आली. पण आज दयेपोटी गप्प बसायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"अंबरीश, तुला पहिलं तेल युनिसनं लावलंय. माझी आई येऊ शकली नाही, तेव्हा मला ताटात गरम वाढणारी तीच होती. पुण्याचं घर माझ्या भावानं विकलं त्याला किती वर्षं झाली, मी काही बोलले नाही. पण मग मला माहेर राहिलंय कुठे? ती चौऱ्याऐंशीची आहे, काठी घेऊन चालते. मला समुद्र नको, विला नको." ती टीव्हीकडे पाठ करून मुलाकडे वळली. "मला माहेरी जायचंय."

अंबरीश उठला, लॅपटॉपपाशी गेला आणि त्यानं तो विला सोडून दिला. पडद्यावरचा निळा समुद्र गेला. मग तो आईच्या खुर्चीपाशी खाली बसला. "मला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "मी फक्त सरप्राइज द्यायच्या मागे लागलो."

"घराच्या बाबतीतही तू हेच केलंस, दादा," देविका म्हणाली. पण तिचा आवाज मऊ होता, आणि ती उठून त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "दाखव टोबॅगोच्या फ्लाइट्स. तिथे स्टीलपॅनचं वादन असतं, आणि ईस्टरला चक्क शेळ्यांची शर्यत लावतात. रात्री वाळूत अंडी घालायला कासवं येतात. आपण नुसते लोळायला जायचं नाहीये."

"शेळ्यांची शर्यत!" पद्माकरांना सूर सापडला. "बरं. टोबॅगो तर टोबॅगो. पण माझं चंद्रदर्शन?"

"अहो, त्या हॉलमध्ये चंद्र कुठे दिसणार आहे?" सुनीती म्हणाली. "एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमचं आभाळ कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हजार पौर्णिमा बघितलेल्या माणसाचा सोहळा, आणि आम्ही ट्यूबलाइटखाली चांदीच्या चंद्राची पूजा करणार! ईस्टर नेहमी पौर्णिमा झाली की येणाऱ्या रविवारी असतो. इतकी वर्षं मराठी कॅलेंडरात बघतेय मी. गुरुवारी पौर्णिमा आहे, शुक्रवारी गुड फ्रायडे. युनिसच्या अंगणातून समुद्र दिसतो. खरा चंद्र वर येईल, तुम्ही पाटावर बसा, आम्ही ओवाळू. एक्याऐंशी दिवे मी पिशवीतून नेते. मंडळाचा कार्यक्रम मेमध्ये करा, दोनदा ओवाळून घ्या, कोण नको म्हणतंय?"

पद्माकरांना एका सोहळ्याचे दोन सोहळे झाल्याचं मनातून आवडलं होतं, पण एकदम कसं मान्य करायचं? "आणि गुरुजी?"

"शेजारी त्रिनिदादमध्ये हवे तेवढे पंडित आहेत," देविका म्हणाली. "पावणेदोनशे वर्षांपासून आपली माणसं आहेत तिकडे."

"ती आपली कशी? ती उत्तरेकडची. त्यांची पद्धत वेगळी, उच्चार वेगळे—"

"बाबा," देविका गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "एकच ते."

यावर मात्र पद्माकर हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, अर्चनानं पाणी दिलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "बरं, बरं. हरलो."

"आणि मी सांगून ठेवते," अर्चना म्हणाली, "मला कासवं बघायची आहेत. म्युझियम असेल तर तुम्ही जा. मला चालणार नाही." अंबरीशनं बायकोकडे दचकून बघितलं. सुनीतीनं तिच्या हातावर एक बेने ठेवला.

*

चार वाजले. बाहेर अंधारून यायला लागलं होतं, म्हणजे तिकडे दुपार. युनिस चर्चमधून आलेली असणार. एरवी सुनीती हा फोन स्वयंपाकघरात स्टुलावर बसून करायची. आज अंबरीशनं तो टीव्हीला जोडला आणि सगळा पडदा युनिसनं भरला. डोक्यावर चर्चला जायची जांभळी हॅट, मागे लख्ख ऊन, हातात काठी.

"अरे बापरे, सगळं कुटुंब!" युनिस इंग्रजीत म्हणाली. "कोणी आजारी आहे का?"

"कोणी नाही," सुनीती म्हणाली. "युनिस, मी येतेय."

"हो ना, पुढच्या वर्षी."

"नाही. या ईस्टरला. आम्ही सगळे."

युनिसनं आधी हॅट काढली, मग चष्मा काढला, आणि मग हाताच्या पाठीनं डोळे पुसले. इकडे सुनीतीचंही तेच चाललं होतं. ईरानं आजीच्या खांद्यावर हात ठेवला.

पद्माकर उठून पडद्याच्या अगदी जवळ गेले, जणू लांबून ऐकू जाणार नाही. "युनिस, मी तुला पन्नास वर्षं जमैकन म्हणत आलो. माझं चुकलं. आय अॅम सॉरी."

"मला ठाऊक आहे, डॉक्टर," युनिस म्हणाली. "म्हणून तर इथे चर्चमध्ये मी सगळ्यांना सांगते की बर्मिंगहॅमला माझे एक मित्र आहेत, डॉक्टर पटेल."

घर हसण्यानं दणाणलं. पद्माकर तर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले.

"आता कामाचं बोलू," युनिसनं चष्मा परत चढवला. "मुलांसाठी माझ्या भाचीचं गेस्टहाउस आहे, समोरच. तू आणि डॉक्टर माझ्याकडे. दोन खोल्या रिकाम्या आहेत. बागेकडची शांत आहे, डॉक्टरांना झोप लागेल. समुद्राकडच्या खोलीत लाटांचा आवाज येतो, पण खिडकी उघडली की सगळं पाणीच. तुला कुठली हवी?"

सुनीतीनं तोंड उघडलं. "मला काय, कु—"

ईरानं बोट वर केलं. अर्चना बघत होती, देविका बघत होती, अंबरीश जमिनीवरून मान वर करून बघत होता.

"समुद्राकडची," सुनीती म्हणाली.

"शाब्बास. आणि दोन आठवडे ना?"

"दोन आठवडे ही सगळी. मी महिनाभर राहणार आहे." पद्माकर काही बोलणार तेवढ्यात तिनं बेनेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. "माहेरपणाला गेलेली बाई दोन आठवड्यांत परत येते का?"